खान्देशातलं स्वयंपाकघर : ओटा बांधण्याआधीची आखणी

स्वयंपाकघराचा विचार बहुतेक घरांत टाइल्सच्या दुकानात सुरू होतो. तोपर्यंत गवंड्याने ओट्याची उंची धरून टाकलेली असते. प्लंबरने त्याला सोयीचा पडेल तिथून सांडपाण्याचा पाइप काढलेला असतो आणि खिडकी नकाशात होती तिथे बसलेली असते. टाइल्सचा रंग, कपाटांची दारं, हँडल हे सगळं पाच वर्षांनीही बदलता येतं. सांडपाण्याची वाट, धुराची वाट आणि ओट्याची उंची या तीन गोष्टी मात्र एकदा सिमेंटात गेल्या की फोडल्याशिवाय हलत नाहीत. आखणी या तिघांपासून करायची, आणि ती भिंती वीटकामाच्या पातळीवर असतानाच करायची.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घराच्या काही खास गरजाही आहेत. इथे मिरचीची फोडणी रोजची असते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही, वर्षाचं धान्य घरात भरलं जातं आणि उन्हाळ्यात बिबड्या (ज्वारीचे पापड), पापड, कुरडयांचं वाळवण असतं. दोन माणसांच्या फ्लॅटसाठी काढलेला मॉड्युलर किचनचा छापील नकाशा या घरात तसाच बसवला, तर पहिल्याच उन्हाळ्यात धान्याची कोठी हॉलमध्ये आणि माठ जिन्याखाली जातो.

१. आधी भांड्यांची यादी

घरातलं सगळ्यात मोठं पातेलं, सगळ्यात मोठी कढई, परात, कुकर, खलबत्ता, मिक्सर, घरघंटी, धान्याच्या कोठ्या, माठ, हंडे, फ्रिज, आरओ हे सगळं टेपने मोजून वहीत लिहा. रुंदी, खोली आणि उंची तिन्ही मापं हवीत. झाकणाची वस्तू असेल तर झाकण उघडल्यावरची उंची घ्या.

याच यादीपुढे काम कुठे होतं तेही लिहा. भाकरी उभ्याने थापतात की बसून? भाजी विळीवर चिरतात की ओट्यावर? भरताची वांगी गॅसवर भाजतात की मागे पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर? खापरावरची पुरणपोळी घरीच होते का, बट्ट्या गोवऱ्यांवर भाजतात का? या उत्तरांवरून बाहेर चुलीची जागा लागेल की नाही हे ठरतं. ही यादी रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईनेच करावी. नकाशा मंजूर करणारा माणूस बहुधा दुसराच असतो, आणि बऱ्याच चुका तिथेच होतात.

२. जागा, दिशा आणि आकार

राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर रुंद असावं, म्हणजे साधारण ५४ चौरस फूट आणि सहा फूट रुंदी. जेवणही तिथेच होणार असेल तर किमान ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर रुंदी. ही कमीत कमी मर्यादा आहे. चार-पाच माणसांच्या घराला ८ बाय १० फूट जागा असेल तर काम मोकळेपणाने होतं.

वास्तुशास्त्राप्रमाणे स्वयंपाकघर आग्नेयेला असतं. त्याचा आपल्याकडे एक व्यावहारिक फायदाही आहे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पूर्वेच्या भिंतीतून बाहेर सोडलेला धूर घरात परत येत नाही. शिवाय दुपारचं पश्चिमेचं ऊन त्या खोलीवर पडत नाही. प्लॉटच्या आकारामुळे स्वयंपाकघर पश्चिमेलाच येत असेल तर तिथली खिडकी लहान ठेवा, वर दोन फुटांचा छज्जा द्या आणि गॅस त्या भिंतीला लावू नका.

ओपन किचन दिसायला छान असतं. पण काळ्या मसाल्याची फोडणी पडली की दिवाणखान्यातला पाहुणा खोकत बाहेर जातो. मधली भिंत नकोच असेल तर निदान काचेचा सरकता दरवाजा ठेवा.

३. जमिनीवर खडूने आखा

प्लास्टर व्हायच्या आधी, मोकळ्या खोलीत खडूने किंवा चुन्याने पूर्ण मापाचा आराखडा काढा. आधी गुण्या लावून कोपरे काटकोनात आहेत का ते तपासा. कोपरा एक इंच जरी बाहेर असला तरी ग्रॅनाइटची पट्टी भिंतीला नीट भिडत नाही आणि ती फट सिमेंटने भरावी लागते.

ओट्याची खोली, म्हणजे भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंतचं माप, २ फूट घ्या. समोरासमोर दोन ओटे असतील तर मधली वाट ४ फूट हवी, अगदी अडचण असेल तर साडेतीन. तीन फुटांच्या वाटेत एक बाई वाकून ट्रॉली उघडते तेव्हा दुसरीला मागून जाता येत नाही.

कामाचा क्रम असा असतो: धान्य-भाजी बाहेर काढणं, धुणं, चिरणं, शिजवणं, वाढणं. वस्तू याच क्रमाने लावल्या की पायपीट कमी होते. सिंक, गॅस आणि फ्रिज या तिघांना जोडणाऱ्या रेषांची बेरीज १३ ते २६ फुटांत बसावी आणि एकही बाजू ४ फुटांपेक्षा कमी किंवा ९ फुटांपेक्षा जास्त नसावी, असा जुना ठोकताळा आहे. लहान खोलीत तो अक्षरशः पाळला नाही तरी चालतं. सिंक आणि गॅस यांच्यात मात्र किमान २ फूट मोकळा ओटा ठेवाच, ३ फूट मिळाला तर उत्तम. सगळं चिरणं, मळणं, निवडणं याच तुकड्यावर होतं. सिंक गॅसला खेटून असेल तर धुताना उडालेलं पाणी कढईतल्या तापलेल्या तेलात पडतं.

८ बाय १० च्या खोलीचं एक उदाहरण घेऊ. पूर्वेची भिंत १० फुटांची, दक्षिणेची ८ फुटांची, ओटा या दोन भिंतींना एल आकारात. पूर्वेच्या भिंतीवर उत्तरेकडून मोजायला लागा: १ फूट भांडी निथळायला, २ फूट सिंक, ३ फूट चिरायला-मळायला, अडीच फूट गॅस, आणि दक्षिणेच्या कोपऱ्यापर्यंत दीड फूट गरम पातेलं उतरवून ठेवायला. दक्षिणेच्या भिंतीवर कोपरा सोडल्यावर साडेतीन फूट ओटा मिक्सर आणि डब्यांसाठी, त्यापुढे अडीच फुटांत फ्रिज. मागचं दार उत्तरेच्या भिंतीत, सिंकजवळ, म्हणजे खरकटी भांडी सगळं घर न ओलांडता मोरीत जातात. पश्चिमेच्या भिंतीवर आत येण्याचं दार आणि १२ इंच खोल मांडणी. मध्ये पाच फूट रुंद मोकळी जागा उरते. तिथे पाट मांडून जेवता येतं आणि शेवया-पापड लाटायला चार जणी बसू शकतात. ओट्याच्या पुढच्या कडेपासून मोजलं तर या मांडणीत सिंक, गॅस आणि फ्रिज यांना जोडणाऱ्या रेषांची बेरीज १७-१८ फूट येते.

आखणी झाली की त्यात उभं राहा. रिकामं पातेलं हातात घ्या, सिंकच्या जागेवरून गॅसच्या जागेवर जा, फ्रिजचं दार किती उघडेल ते पुठ्ठ्याने पाहा. फ्रिज भिंतीला चिकटून कोपऱ्यात असेल तर दार ९० अंशांपेक्षा जास्त उघडत नाही आणि भाजीचा ट्रे बाहेर निघत नाही. त्या बाजूला तीन-चार इंच जागा सोडा.

४. ओट्याची उंची

गवंड्याला विचारलं तर तो ‘अडीच फूट’ किंवा ‘पावणेतीन फूट’ म्हणेल, कारण मागच्या घरात त्याने तेच केलेलं असतं. उंची माणसावरून ठरवायची. स्वयंपाक करणाऱ्या बाईने अनवाणी, सरळ उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवावा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या आणि त्यातून ४ ते ६ इंच वजा करा. पाच फूट एक-दोन इंच उंचीच्या बाईसाठी हे माप साधारण ३२ ते ३३ इंच येतं. सासू-सुनेच्या उंचीत फरक असेल तर जी रोज जास्त वेळ उभी राहते तिचं माप धरा.

एकाच उंचीवर सगळी कामं मात्र नीट होत नाहीत. चिरायला ३३ इंच बरोबर आहे. त्याच ओट्यावर पाच इंच उंचीची शेगडी आणि तिच्यावर आठ इंच खोल पातेलं ठेवलं की काठ ४६ इंचांवर जातो. वरण घोटताना खांदा उचलावा लागतो आणि आतलं दिसत नाही. ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी थापायलाही वरून जोर द्यावा लागतो, त्यासाठी २९-३० इंच बरं पडतं. उलट सिंकचा तळ ओट्यापेक्षा नऊ इंच खाली असतो, म्हणून सिंकपाशी वाकावं लागतं.

यावर दोन तोडगे आहेत. पहिला, गॅसचा अडीच-तीन फुटांचा तुकडा ३ इंच खाली घेणं. दुसरा, ओटा सरळ ठेवून दगडात बसणारी हॉब शेगडी घेणं. पहिला स्वस्त, पण पायरीच्या सांध्यात पीठ आणि तेल साचतं, म्हणून तिथली कड गोल मोल्डिंगची करून घ्या. दुसऱ्यात शेगडी बिघडली की त्याच मापाची शोधावी लागते. भाकरी रोजची असेल तर पहिला तोडगा निवडा, आणि उतरवलेल्या तुकड्याच्या बाजूला आणखी दीड फूट खालीच ठेवा, परात तिथे बसते.

या सगळ्यात हमखास होणारी चूक एकच. गवंडी उंची कच्च्या कोब्यापासून मोजतो. त्यावर नंतर मसाला आणि फरशी मिळून दोन-अडीच इंच चढतात आणि ३३ चा ओटा साडेतीस इंचांचा होतो. भिंतीवर पाणलेवलने तयार फरशीची रेघ आधी मारून घ्या आणि सगळी मापं त्या रेघेपासून द्या: ओटा, खिडकी, सॉकेट, नळ, सगळं.

वरची कपाटं १२ ते १४ इंच खोल आणि ओट्यापासून २० ते २४ इंच वर. यापेक्षा खोल केली तर वाकताना डोकं आपटतं. ओट्याच्या खाली पायासाठी ४ इंच उंच, ३ इंच खोल खाच सोडा. ती नसेल तर माणूस ओट्यापासून लांब उभं राहतं आणि कंबर पुढे वाकते.

५. धूर, ठसका आणि उष्णता

हवा बदलण्याचा हिशोब सोपा आहे. ८ बाय १० ची खोली, छत १० फूट, म्हणजे ८०० घनफूट हवा. आपल्या फोडणीला तासाला किमान २० वेळा हवा बदलायला हवी, म्हणजे ताशी १६,००० घनफूट, सुमारे ४५० घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर हवा फेकण्याची क्षमता ताशी घनमीटरमध्ये लिहिलेली असते. लिहिलेला आकडा तुमच्या गरजेच्या दुप्पट असू द्या, कारण जाळी, वाऱ्याचा उलट दाब आणि पात्यांवरचा तेलाचा थर यामुळे प्रत्यक्षात हवा कमी फेकली जाते.

खान्देशात ९ इंची पंख्यापेक्षा १२ इंची बरा. त्यासाठीचं भोक वीटकामातच ठेवा. पंख्याचा मध्य फरशीपासून सुमारे ७ फुटांवर, गॅसच्या जवळच्या भिंतीत. पंखा हवा बाहेर फेकतो तेवढीच हवा दुसरीकडून आत यायला हवी. सगळी दारं-खिडक्या बंद करून पंखा लावला तर नुसता घुमतो आणि ठसका खोलीतच राहतो. समोरच्या बाजूने दार किंवा झरोका उघडा ठेवा.

खिडकी सिंक आणि चिरण्याच्या जागेसमोर हवी, शेगडीच्या मागे नको. वाऱ्याने ज्योत हलते आणि विझलीच तर गॅस सुटत राहतो. खिडकीची खालची कड ओट्यापासून ८-९ इंच वर ठेवा, नाहीतर आत उघडणारी झडप उंच नळावर आपटते. सरकती किंवा बाहेर उघडणारी खिडकी घेतली तर हा प्रश्नच येत नाही. छताचा पंखा गॅसच्या वर नको, बसण्याच्या मोकळ्या जागेवर हवा.

चिमणी घ्यायची असेल तर दोन बर्नरला ६० सेंटिमीटर, तीन-चार बर्नरला ९० सेंटिमीटर रुंद. शेगडीपासून २६ ते ३० इंच वर. पाइप ६ इंची आणि बाहेर जाईपर्यंत दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. भोक लहान पडलं म्हणून ४ इंची पाइप जोडून देणारे मिस्त्री आहेत. त्याने चिमणीचा आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. कोळशाच्या फिल्टरमधून हवा परत खोलीत सोडणारी, बिनपाइपची चिमणी मिरचीच्या घरात निरुपयोगी आहे.

भरताची वांगी गॅसवर भाजली की रस बर्नरच्या छिद्रांत उतरतो आणि ज्योत पिवळी होते. भरीत नेहमीचं असेल तर मागच्या दाराबाहेर ५ बाय ८ फुटांची पडवी ठेवा. तिच्यात चूल, पाटा-वरवंटा, मोठी पातेली घासायची जागा. चूल पडवीच्या पूर्वेच्या टोकाला घ्या. पश्चिमेच्या टोकाला घेतली तर वाऱ्याबरोबर धूर मागच्या दाराने आत येतो. बिबड्यांचं पीठ शिजवायचं मोठं पातेलंही इथेच चढेल. मागच्या दाराची रुंदी ३ फूट ठेवा, अडीच फुटांच्या दारातून दोन्ही हातांनी धरलेलं पातेलं नेताना कोपर चौकटीला घासतं.

६. पाणी आणि सांडपाणी

आधी सांडपाणी. सिंकमधून भिंतीत जाणारं तोंड तयार फरशीपासून १४ ते १६ इंचांवर ठेवा. त्यापेक्षा वर ठेवलं तर बॉटल ट्रॅपला (पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या सिंकखालच्या भांड्याला) जागा राहत नाही आणि वास वर येतो. आडवा पाइप २ इंचांपेक्षा बारीक नको. लांब जायचं असेल तर ३ इंची टाका. उतार फुटाला पाव इंच: १० फूट अंतर असेल तर अडीच इंच खाली. उतार कमी पडला की तर्रीचं तेल आणि साबण मिळून पाइपात चिकट थर धरतो आणि सहा महिन्यांत सिंक तुंबतं. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन तुकडे जोडा आणि प्रत्येक वळणावर उघडता येणारं झाकण ठेवा. भिंतीबाहेर एक फूट बाय एक फूट चेंबर, वर जाळी. स्वयंपाकघराचा पाइप संडासच्या पाइपला घरात कुठेही जोडू नका.

सिंक २४ बाय १८ इंच, खोली ९-१० इंच. त्यापेक्षा लहान सिंकमध्ये परात आडवी बसत नाही आणि निम्मं पाणी अंगावर येतं. सिंक विकत आणल्याशिवाय ग्रॅनाइट कापायला देऊ नका, पुस्तकातल्या मापात आणि प्रत्यक्ष मापात फरक निघतो.

नळाचं पाणी चार-आठ दिवसांनी येत असेल तर दोन वेगळ्या लाइनी घ्या: एक पिण्याच्या टाकीची, एक बोअरच्या टाकीची. सिंकवर दोन नळ, आणि कोणता कुठला हे एकदाच ठरवून घरात सगळ्यांना सांगा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्या ग्रॅनाइटवर फार उठून दिसतात. पाणी क्षाराचं असेल तर करडा किंवा ठिपक्यांचा दगड निवडा आणि नळाच्या तोंडाची जाळी काढून धुता येईल असाच नळ घ्या.

माठाची जागा आखणीतच धरा. दारा-खिडकीच्या वाऱ्यात, पण उन्हापासून लांब, गॅस आणि फ्रिजची मागची बाजू यांच्यापासून दूर. १८ ते २४ इंच उंचीचा, ३ फूट लांब कडप्प्याचा कट्टा, त्याला आतल्या बाजूला हलका उतार आणि एक इंची पाइप मोरीकडे. पाझरलेलं पाणी जमिनीवर येत नाही. आरओमधून वाया जाणाऱ्या पाण्याची नळीही मोरीतल्या बादलीत सोडा. फरशी पुसायला, भांडी विसळायला ते चालतं.

मोरी किमान ४ बाय ४ फूट, फरशी घरापेक्षा २ इंच खाली, जाळीकडे एक इंच उतार. बसून भांडी घासायची असतील तर नळ फरशीपासून १८ इंचांवर, उभ्याने घासायची असतील तर तिथेही ओटा.

७. गॅस

सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी नेहमी त्याच्यापेक्षा वर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला जमिनीलगत हवा जायला झरोका हवा, आणि त्या खणाला बंद लाकडी दार नको, जाळीचं असावं. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरला रेग्युलेटरसह सुमारे २७ इंच उंची लागते. ३३ इंचांच्या ओट्यात कडप्पा, मसाला, ग्रॅनाइट मिळून तीन इंच गेले तरी ३० उरतात, पण गॅससाठी खाली घेतलेल्या तुकड्याखाली तो मावत नाही. तो बाजूच्या चिरण्याच्या ओट्याखाली, १६ इंच रुंद खणात ठेवा.

रबरी सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, पाच वर्षांनी बदला आणि भिंतीतून किंवा ट्रॉलीच्या मागून नेऊ नका. सिलिंडर बाहेर ठेवायचा असेल तर तांब्याचा पाइप जाणकाराकडूनच बसवून घ्या. जागा सावलीची हवी, चुलीच्या पडवीत अजिबात नको. सिलिंडरच्या खणात विजेचा सॉकेट येऊ देऊ नका.

८. वीज

ओट्यावरचे सॉकेट ओट्यापासून ९-१० इंच वर, सिंकपासून किमान २ फूट लांब. फ्रिज, मिक्सर आणि आरओला ६ अँपिअरचे. घरघंटी, मायक्रोवेव्ह आणि गिझरला १६ अँपिअरचे, त्यांची वायर ४ चौरस मिलिमीटरची. चिमणी आणि एक्झॉस्टचे सॉकेट सात फुटांवर, बटणं मात्र खाली हाताशी. मिक्सरच्या शेजारी एक जादा सॉकेट नेहमी लागतो. स्वयंपाकघराच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवा.

दिवा खोलीच्या मध्यभागी एकच असेल तर चिरताना आपलीच सावली ओट्यावर पडते. वरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी किंवा समोरच्या भिंतीवर ट्यूब घ्या.

९. पाया आणि ओट्याचं बांधकाम

काळ्या मातीत हा भाग टाळता येत नाही. ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा टाकला तर वर्षभरात फरशी खाली बसते, ओटा भिंतीपासून सुटतो आणि मधल्या फटीतून झुरळं येतात. जोत्याच्या आतली काळी माती काढून मुरूम भरा. ६-६ इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकून. त्यावर ४ इंच काँक्रीट, मग फरशी. फरशी ओट्याच्या खालीही पूर्ण न्या.

ओट्याचे उभे कडप्पे दोन ते अडीच फुटांवर. वर आडवा कडप्पा सव्वा इंची, मसाला, मग १६ ते १८ मिलिमीटर जाडीचं ग्रॅनाइट. दोन दगडांचा सांधा सिंकच्या भोकावर किंवा शेगडीखाली येऊ देऊ नका, पहिली भेग तिथेच पडते. पुढच्या कडेला खालून पाणी थांबवणारी खाच कापून घ्या, नाहीतर ओघळ ट्रॉलीत उतरतो. वरच्या उदाहरणातल्या ओट्याला १३.५ फूट लांब आणि २ फूट रुंद, म्हणजे २७ चौरस फूट दगड लागतो. पुढे एक इंच बाहेर काढायचा आणि सिंकसाठी कापलेला तुकडाही तुमच्याच हिशोबात धरला जातो, म्हणून ३० चौरस फूट धरा. ओट्याच्या मागच्या भिंतीला दोन फूट उंच टाइल्स: १५.५ फूट गुणिले २, म्हणजे ३१ चौरस फूट, तुटफूट धरून ३४. गॅसच्या मागे त्या चिमणीपर्यंत वर न्या.

१०. कपाटं आणि धान्य

पैसे कमी असतील तर ओट्याखाली कडप्प्याचे खण आणि ॲल्युमिनियमची दारं करा. वाळवी लागत नाही, पाण्याने धुता येतात. लाकडी काम करायचंच तर सिंकखाली आयएस ७१० शिक्क्याचं, पाण्यात टिकणारं (मरीन) प्लायवूडच वापरा. पार्टिकल बोर्ड पाणी लागलं की कडेने फुगतो, मग बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत. ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या घ्या, आणि त्या गॅसच्या बाजूला. सिंकखाली ट्रॉली नको.

एक क्विंटल गव्हाला सुमारे १३० लिटर जागा लागते. १८ इंच व्यासाची कोठी असेल तर तो ३१ इंच उंचीपर्यंत भरतो. म्हणजे प्रत्येक कोठीला २ फूट बाय २ फूट जमीन आणि झाकण काढून वाकायला वर मोकळी जागा. गहू, दादर (रब्बीची ज्वारी), बाजरी मिळून तीन-चार कोठ्या असतील तर त्यांना ओट्याखाली कोंबू नका. स्वयंपाकघराला लागून ४ बाय ६ ची कोठीघराची जागा काढा. कोठ्या जमिनीपासून ४-६ इंच उंच तिवईवर, मोरीच्या ओल्या भिंतीपासून लांब. घरघंटी याच खोलीत ठेवली तर पिठाची धूळ ओट्यावर येत नाही.

जुन्या धाब्याच्या घरात

मातीच्या दीड-दोन फूट जाड भिंतीत पाइपासाठी झिरी पाडू नका. पाणी झिरपलं तर भिंत आतून विरघळते आणि बाहेरून ते दिसत नाही. पाइप भिंतीबाहेरून, क्लॅम्पवर न्या. वरची लटकती कपाटंही या भिंतीवर टिकत नाहीत, जमिनीवर उभी राहणारी मांडणी करा. ओट्याच्या मागे चार इंची विटांची वेगळी भिंत उभी करून तिला टाइल्स लावल्या तर मातीची भिंत कोरडी राहते. लाकडी खांबाला गॅस लावून ठेवू नका. किमान तीन फूट अंतर ठेवा. चिमणीचं भोक धाब्यातून (मातीच्या सपाट छतातून) वर काढू नका, तिथून पावसाचं पाणी उतरतं. ते भिंतीतूनच काढा.

कामाचा क्रम

तयार फरशीची रेघ, मग पाइप आणि वायरिंगच्या झिरी, मग चाचणी, प्लास्टर, फरशी, ओटा, टाइल्स, रंग, शेवटी कपाटं. कपाटवाल्याला मापं ओटा झाल्यावरच घेऊ द्या.

प्लास्टरच्या आधी पाण्याच्या लाइनीत पाणी भरून २४ तास तसंच ठेवा आणि सांधे हाताने चाचपा. त्याच वेळी भिंतीला टेप लावून प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा. पुढे कपाट ठोकताना ड्रिल पाइपात जाऊ नये म्हणून ते लागतात. ओटा झाल्यावर सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. चेंबरच्या झाकणापाशी एकाला उभं करा; पाणी तिथे जोरात आणि न थांबता आलं तर उतार बरोबर आहे, थबकत आलं तर मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्याआधी पाइप उघडायला लावा.